सिधिकच्या कुंपणातलं गवत

सिधिक हालेपोत्राला कच्छच्या बन्नी कुरणातली सगळी माणसं 'शेणवाला डॉक्टर' म्हणायची. भुजला जाऊन मोठी पदवी घेऊन आलेला माणूस, आणि करतो काय, तर लोकांच्या म्हशींमागं टोपली घेऊन फिरतो, पो उचलतो, चाळणीत धुतो आणि त्यातल्या बिया निवडत बसतो. "एवढं शिकून शेणच उचलायचं होतं, तर आमच्या वाड्यावर यायचंस की, दोन वेळचा रोटला दिला असता," असं धोरी वांढेतल्या, त्याच्याच वस्तीतल्या, बायका त्याला तोंडावर म्हणत. तोही हसायचा. म्हणायचा, "मासी, तुमच्या शेणात जंगल आहे."

ते खरं होतं, आणि हसण्यासारखं मुळीच नव्हतं. रण पुढं सरकू नये म्हणून कधीकाळी लावलेली वेडी बाभूळ आता कच्छचं ते सगळं कुरण गिळून बसली होती. तिच्या शेंगा गोड, जनावरं आवडीनं खातात. बी पोटात जिरत नाही. सालपट मऊ झालेलं बी खतासकट बाहेर पडतं. जिथं जनावर बसलं तिथं बाभूळ उठली. "गवत खाणाऱ्यांनीच गवताची कबर खणली, आणि काठी घेऊन त्यांच्यामागं चालणारे आपण," असं सिधिक म्हणाला की चहा पिणारी म्हातारी माणसं बशीत बघत बसायची.

त्याच्या बापाच्या, इशाकच्या, कांक्रेज गाई होत्या. उंच शिंगांच्या, माणसाला ओळखणाऱ्या. एका दुष्काळात दुसरं काहीच नव्हतं म्हणून इशाकनं स्वतःच्या हातानं शेंगा वेचून त्यांना घातल्या. म्हशी शेंगा पचवतात. गाई नुसत्या शेंगांवर राहिल्या तर संपतात. त्यांचे जबडे सैल पडले, रवंथ तोंडातून गळायला लागला, आणि एकेक करून सगळ्या गेल्या. मग इशाकला तिन्हीसांजेला बाभळीतून घंटा ऐकू यायला लागल्या. "लाखी आली बघ," असं मेलेल्या गाईचं नाव घेऊन म्हणायचा. घरच्यांना काही ऐकू येत नसे. एका संध्याकाळी तो घंटेच्या मागं झाडीत शिरला. ताऱ्यांवरून रणात वाट काढणारा माणूस, घरापासून हाकेच्या अंतरावर स्वतःच्याच कुरणात वाट चुकला. सापडला तेव्हा जीव उरला नव्हता. काटेच इतके, की मय्यत बाहेर काढायला कुऱ्हाडीनं वाट तोडावी लागली. सिधिक तेव्हा शाळेत होता.

तेव्हापासून त्याची आई हूरबाई बाभळीकडं पाठ करून कधी बसली नाही. सिधिक म्हणजे शास्त्र शिकलेला, त्याचा भुताखेतांवर विश्वास कसा असेल? पण दिवस कलला की तो काही ना काही निमित्त काढून झाडीत शिरायचा, तो अंधार पडल्यावर बाहेर यायचा. विचारलं तर म्हणायचा, "रोपं मोजतो." अंधारात कसली रोपं मोजतात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

घरामागच्या तुकड्यातल्या बाभळी त्यानं मुळासकट काढल्या आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. झालं, वांढेत आरडाओरडा! बन्नीत कुंपण? इथं गवत अल्लाचं. दारात आलेल्या कळपाला पहिल्या दिवशी चरायला नाही म्हणायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. नाही म्हणणाऱ्याच्या घरचं दूध आटतं. लोकांनी सिधिकला शिव्या घातल्या. मग पाऊस पडला, आणि मातीत निजून राहिलेलं जुनं गवत, धामण आणि जिंजवो, वर आलं. शिव्या देणारे म्हातारे तारेला धरून उभे राहायला लागले. एकजण तर रोज येऊन रडायचा आणि खोकल्याचं सोंग करायचा.

सिधिकचं म्हणणं एवढंच होतं, की शेणातून बी येऊ दिलं नाही तर गवत टिकतं. हे एकदा चार पावसाळे सलग दाखवता आलं की बाकीचं कुरणही सोडवता येईल. त्यासाठी आत एकही जनावर शिरता कामा नये. आयुष्य त्यानं त्या तुकड्यावर लावलं होतं.

चौथ्या वर्षी पाऊस आलाच नाही; कुंपणात गेल्या पावसाचं गवत तेवढं उभं होतं. आणि लांबच्या वांढेतून आमद जत नावाचा मालधारी गाई घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. गाईंच्या फासळ्या दिसत होत्या.

"सलाम आलेकुम, अदा. दार खोल, भावा."

"वालेकुम सलाम. गाई काय खाऊन आल्यात?"

"काय खाणार? वाटेत दुसरं उरलंय काय? शेंगा."

"मग आत नाही सोडता यायच्या, अदा. पोटातलं बी पडून जाऊ दे, चार दिवस. तोवर मी गवत कापून बाहेर आणून घालतो."

आमद जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाला, "ऐका! पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ताट! का रे, जेवायला बोलावतोस तेव्हाही सांगतोस का, आधी पोट साफ करून ये म्हणून?"

लोक खो खो हसले. सिधिकचं तोंड लाल झालं, पण त्यानं कडी काढली नाही.

हूरबाईनं पाहुण्याला ताक दिलं आणि आत येऊन लेकाला धरलं. "इशाकच्या दारात आलेला कळप कधी बाहेर थांबला नाही."

"अमां, तुला नाही कळायचं. एक शेंग आत गेली की..."

"मला नाही कळायचं? तुझ्या अब्बांबरोबर शेंगा कुणी वेचल्या होत्या? या ओढणीत भरून आणल्या होत्या मी."

हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. सिधिक विळा घेऊन गेला.

दिवसभर तो गवत कापून भारे बाहेर टाकत राहिला. गाई खात राहिल्या. त्यांच्या गळ्यात घंटा होत्या, आणि हूरबाई बाजेवर पडून त्या ऐकत राहिली. पहाटे सिधिक उठला तेव्हा बाज रिकामी होती.

कुंपणाचं दार सताड उघडं होतं. गाई गवतात मनसोक्त चरत होत्या, आणि त्यांच्या मधोमध हूरबाई बसली होती, बाभळीकडं पाठ करून. जागोजागी ताजे पो पडले होते. त्यातल्या बिया त्याला उभ्यानं दिसत होत्या. सगळी वर्षं मातीत गेली होती. तो काठी उगारून धावला.

"हळू," हूरबाई म्हणाली. "ते बसलेत."

"कोण?"

"तुझे अब्बा. बिचाऱ्यांना बाहेर यायला वाट सापडत नव्हती. या गाईंच्या मागोमाग आले. मी दार खोललं."

तिनं दाखवलं तिकडं सिधिकनं पाहिलं. गवत होतं, दुसरं काही नव्हतं. शास्त्रज्ञच तो, त्यानं पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं झाडीत शिरून आपण काय शोधत होतो, हे तेव्हा त्याचं त्याला कळलं, आणि तो काठी ठेवून आईशेजारी बसला.

आमद धावत आला. हात जोडून म्हणाला, "अदा, खुदाची कसम, मी नाही खोललं. आत्ता काढतो बाहेर."

"राहू दे," सिधिक म्हणाला. "भरू दे त्यांचं पोट."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि गवतात वेड्या बाभळीची कोवळी, दोन पानांची रोपं सगळीकडं उभी राहिली. सिधिक कुदळ घेऊन आत आला. हूरबाई काठी टेकत मागं आली आणि बराच वेळ त्याला उपटताना बघत उभी राहिली.

"उपट," ती म्हणाली. "सगळी उपट. पण दार लावू नकोस. पुन्हा आत अडकतील रे तुझे अब्बा."

दार उघडं राहिलं तर गवत टिकत नाही, हे त्याच्याइतकं बन्नीत कुणाला ठाऊक होतं? तो उठला, त्यानं दार बिजागरीवरून उचकटून बाजूला ठेवलं, आणि पुढच्या रोपाशी जाऊन बसला.