गोपीचंदची गाडी आणि शकुनबाईचं दार

लाखनीला हायवेच्या कडेला केवळराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. माणूस तोंडाचा फटकळ. ट्रकवाले बोनेटला लिंबू-मिरच्या बांधून आले की तो आधी त्या तोडून फेकायचा. "इंजिनले नजर लागत नाही रे, प्लग साफ करत जा!" पण कान मात्र असा, की पेचकसचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यानं डोळे मिटले, की आजार सापडलाच म्हणून समजा. तेवढा वेळ गिऱ्हाईक खोकायचंसुद्धा नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात या कानानं दगा दिला. सानगडीकडचा गोपीचंद लिलावात घेतलेल्या जुन्या पेट्रोलच्या पिकअपमधून रोज सकाळी भाजी आणायचा. गाडी मिसिंग करायची, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकायचा, आणि तोही एकाच जागी. वाटेत तलावाच्या पाळीखाली एक टोली होती, दहा-पंधरा घरांची. तिथल्या शकुनबाई नावाच्या विधवेच्या दारासमोर आली की गाडी गचके द्यायची, सायलेन्सर फटफट वाजायचा, आणि पुढच्या चढावर पुन्हा सगळं ठीक. लाखनीला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं आणि गाडी गरीब गायीसारखी चालायची. केवळरामनं चालू इंजिनाच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. जी काढावी तिच्यासरशी इंजिन लटपटायचं, म्हणजे चारही सिलेंडर कामावर. त्यानं हात टेकले आणि तो स्वतःवरच चिडला.

गोपीचंद आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, गाडीचं जाऊ द्या. देवाजीच्या नातवाचा ताप उतरत नाही. गाडी शकुनबाईच्याच दारात काहून अडखळते, हेच सारी टोली बोलून राहिली. पोराले काही झालं तर बाईले ठेवत नाही, म्हणते देवाजी."

देवाजी टोलीतला मोठा माणूस. तो 'ठेवत नाही' म्हणतो म्हणजे काय, ते केवळरामला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी त्याच टोलीतून अशाच करणीच्या संशयानं एक बाई हाकलली होती. ती तलावात सापडली. पाण्यात ती स्वतः गेली की कुणी नेली, हे कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"उद्या मी संगं येतो," तो म्हणाला.

सकाळी तलावावरून धुकं उतरत होतं. पाळ दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं. घराघरासमोर घोंगड्या पांघरलेली माणसं उभी होती, गाडीची वाट पाहत. गाडी खोलगटात उतरली आणि गचके सुरू झाले. दारात शकुनबाई खराटा घेऊन उभी होती, पण झाडत नव्हती. ती गाडीकडे पाहत होती, टोली तिच्याकडे. केवळरामच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून स्वतःचाच राग आला.

"उभी कर, पण बंद नको करू," तो गोपीचंदला म्हणाला. बोनेट उघडून त्यानं वर घोंगडी ओढली, डोकं आत घातलं. आतल्या अंधारात ठिणगी दिसली! एका प्लगच्या वायरीला बुडाशी बारीक चीर होती. चिरेत धुक्याची ओल शिरली होती, आणि प्लगला जायची ठिणगी वाटेतच लोखंडावर उडत होती. निळी, टिकटिक वाजणारी. धुकं सगळ्यात दाट साचायचं ते याच दाराशी; पुढं इंजिनाच्या उष्णतेनं वायर वाळायची. एवढीशी गोष्ट!

आनंदाच्या भरात मिस्त्रीनं नको ते केलं. "देवाजी, या! आपल्या डोळ्यानं पाहा!"

देवाजीनं घोंगडीखाली डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. "निळा जाळ," तो म्हणाला. "बिनतेलाचा. जित्ता आहे." मग एकेक जण पाहून आला. आजवर जे नुसतं ऐकलं होतं ते आता त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणीतरी काठी उचलली. केवळराम रबर, चीर, ओल असं काहीबाही सांगत राहिला, पण माणसं गाडीकडे पाहतच नव्हती. ती दाराकडे सरकत होती.

तेव्हा केवळरामनं ते केलं, ज्याच्यावर तो जन्मभर थुंकला होता. गाडी बंद करून त्यानं ती वायर उपटली आणि उंच धरून ओरडला, "सापडलं! ह्याच्यात आहे! यानंच बाईले धरलं व्हतं, आता सोडलं! माह्या मायची शपथ!" लिंबू मागवलं, शेंदूर मागवला. वायर शकुनबाईवरून उतरवली आणि पाळीवर खड्डा करून पुरली. सोबत आणलेली नवी वायर लावल्यावर इंजिन एकसुरात चालू लागलं. काठी खाली आली. देवाजीनं हात जोडले.

खोट्या शपथेची टोचणी केवळरामला लागून राहिली. पण बाई वाचली, हे खरं. पुढं पोराचा तापही उतरला, आणि तेही पुण्य लोकांनी त्याच्याच नावावर घातलं. पोरंबाळं घेऊन माणसं गॅरेजवर येऊ लागली, तेव्हा तो शिव्या देऊन हाकलायचा.

उन्हाळ्यात शकुनबाई स्वतः आली. लांबच टेकली.

"मिस्त्री, टोलीत कोनी काही म्हणत नाही आता. पण मले सांगा, ते माह्यात कवा शिरलं व्हतं? ते पुन्हा येईन का?"

केवळरामनं हातातलं काम टाकलं. एक तडकलेली वायर आणून तिला चीर दाखवली, ओल सांगितली, ठिणगी सांगितली. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मायची शपथ काहून घेतली?"

"तुमाले वाचवाले, बाई."

तिनं मान हलवली. "मायची खोटी शपथ कोन घेते, भाऊ? मले बरं वाटावं म्हून बोलून राहिले तुमी."

ती उठली. रस्त्याच्या कडेला एक ट्रक चालू उभा होता. आपल्यामुळे तो बंद पडू नये म्हणून शकुनबाई पदर आवळून, त्याच्यापासून लांबून, पार शेताच्या बांधावरून गेली.