शाळेचा पारा

चौगुले मास्तर गेल्याचं पोस्टकार्ड साताऱ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा मी मॅट्रिकच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. कार्ड त्यांच्या पुतण्याचं होतं, चार ओळींचं. ते बाजूला ठेवून मी पुन्हा वह्यांकडे वळलो, आणि पुढच्या तीन पोरांना किती मार्क दिले ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला आता दीड महिना झाला.

सांगलीच्या शाळेत ते सायन्स शिकवत आणि मी मराठी. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, जवळच्याच खेड्यातल्या जैन शेतकरी घरातले. या माणसाला एकच नाद होता : एकवटणं. दोन थेंब शेजारी आले की त्यांचा एक कसा होतो, आणि कधीकधी का होत नाही... आमटीवरचे तेलाचे डोळे चमच्याने एकमेकांकडे ढकलत ते जेवायचं विसरत. ढगातले बारीक थेंब एकमेकांना मिळून जड झाले की मगच खाली येतात, हे त्यांनी मला सांगितलं; देवीचे फोड एकमेकांत मिळाले की डॉक्टरचा चेहरा का उतरतो, तेही. मी एकदा हौसेने कृष्णा-वारणेच्या संगमाचं उदाहरण दिलं. "ते मिसळणं झालं, एकवटणं न्हवं," म्हणून त्यांनी माझा निकाल लावला. वर्गात मात्र त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "थेंब भिडत्यात, पर मधी हवेचा पातळ पदर ऱ्हातो. त्यो सरकून जाईस्तवर दोघं नुसतं शेजारी." एवढं बोलून ते फळ्याकडे वळत आणि शर्टाच्या बाहीने फळा पुसत.

युद्धाच्या त्या वर्षांत शाळेत एकच बॅरोमीटर होता, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लांब खिळ्याला टांगलेला. एका पावसाळी दुपारी मी त्यांना चहाला बोलवायला गेलो आणि माझी ओली छत्री त्याच खिळ्याला अडकवली. मराठीच्या मास्तरला खिळा म्हणजे खिळा. छत्री, बॅरोमीटर आणि खिळा, तिन्ही एकदम खाली आले. काच फुटली, पारा शहाबादी फरशीवर पळाला. चौगुले मास्तर ओरडले नाहीत. गुडघ्यांवर बसले, खिशातलं पोस्टकार्ड काढलं आणि पाऱ्याचे मणी एकमेकांकडे लोटू लागले. काही मणी जवळ आणले तरी एक होईनात. "धूळ बसलीया अंगावर," ते म्हणाले. मग धोतराच्या सोग्यातून त्यांनी तो पारा पिळून काढला. धूळ कापडात राहिली आणि खाली बशीत एकच लखलखीत गोळा जमला.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, त्याच महिन्यात कायम व्हायची होती. हेडमास्तरांची पावलं व्हरांड्यात वाजली तसे चौगुले मास्तर हळूच म्हणाले, "गड्या, तुझी नोकरी अजून कच्ची हाय. तू गप ऱ्हा." मी गप्प राहिलो. त्यांनी फुटल्याचं स्वतःच्या अंगावर घेतलं. परदेशातून येणारी वस्तू, लढाईत दुसरी कुठून मिळणार? हेडमास्तरांनी त्यांच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली ती कायमचीच. ज्या खोलीत हा माणूस सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसायचा, त्या खोलीसाठी त्यांना रोज कारकुनापुढे हात पसरावा लागे. मी कायम झालो. तरीही गप्पच राहिलो. आधी भीती होती, मग लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी मी त्यांना टाळू लागलो. पुढे साताऱ्याला जागा मिळाली तेव्हा खरं तर सुटल्यासारखं वाटलं. त्यांची पत्रं येत. मी दोन ओळींत उत्तर देई.

ते आजारी आहेत कळल्यावर या थंडीत त्यांच्या गावी गेलो. सोप्यात घोंगडी पांघरून बसले होते. समोर वहिनी ताक घुसळत होत्या आणि लोणी येत नव्हतं.

"गारठ्यानं आडून बसलंय," त्या म्हणाल्या आणि डेऱ्यात तांब्याभर कोमट पाणी ओतलं. थोड्या वेळाने रवीचा आवाज बदलला, लोणी वर आलं.

"बघितलंस?" मास्तर मला म्हणाले. "लय गार असलं की कण कडक, चिकटत न्हाईत. उन्हाळ्यात हीच गार पानी घालती. किती घालायचं ते कुठल्या पुस्तकात न्हाई, हिच्या हाताला ठावं."

मी इतक्या वर्षांनी धीर करून म्हणालो, "मास्तर, मी हेडमास्तरांना लिहितो. बॅरोमीटरचं."

ते म्हणाले, "लिही की... पर माझ्यासाठी नगं. तुझं तुला बरं वाटंल." मग त्यांनी मला ताजं ताक प्यायला लावलं. परत आलो आणि पत्र लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत महिना गेला आणि ते पोस्टकार्ड आलं. हे मी स्वतःला कधी माफ करीन असं वाटत नाही.

ते गेल्यावर वहिनींना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी शाईच्या दौतीएवढी एक बाटली माझ्या हातात ठेवली. "भावजी, ही तुमच्याकडं द्या म्हनाले हुते." एवढीशी बाटली, पण हात खाली गेला. बशीतला गोळा त्यांनी त्याच दिवशी शाळेत जमा केला होता. फरशीच्या फटींत राहिलेले मणी मात्र, वहिनींनी सांगितलं, ते पुढं वर्षभर, किल्ली मागून मागून, पोस्टकार्डाच्या कडेने वेचत राहिले होते. बाटलीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'शाळेचा पारा. परत करणे.'

बाटली माझ्या टेबलावर आहे. रोज एकदा ती तिरकी करतो, पारा फुटतो. सरळ धरली की पुन्हा एक होतो. हा लेख छापून येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी ती घेऊन सांगलीला जाणार आहे. हेडमास्तर तेच आहेत. लेख त्यांनी वाचलेला असला तरी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून तोंडाने सांगेन, की खिळ्याला छत्री मी अडकवली होती.