चलो निद्दी

"वकीलसाहेब, तुम्ही रात्री झोपत नाही, गुदमरता," हुबळीचे डॉक्टर म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. पुढची तारीख पडल्यासारखी मी मान हलवली. बायकोलाच पटेना. "असं कसं हो? पडल्या पडल्या घोरतात की हे!"

चूक तिथंच होती. रक्तदाबाच्या गोळ्या देणारे आमचे धारवाडचे डॉक्टर दर खेपेला कानडीत विचारायचे, "निद्दी हेंग बरतैतरी?" झोप कशी लागते? मी म्हणायचो, "चलो बरतैतरी!" चलो म्हणजे छान. आमच्या घरात घोरणं हे सुखी माणसाचं लक्षण. गोळ्या वाढत गेल्या, दाब काही उतरेना.

मग एकदा कोर्टात बोलता बोलता मी कुणाच्या बाजूनं उभा आहे हेच आठवेना. पक्षकार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. वकिली सोडायची, एवढंच ठरवून टाकलं. बायकोनं ओढतच हुबळीला नेलं.

तिथं स्लीप स्टडी झाली, म्हणजे अंगाला तारा लावून झोपेची तपासणी. आजार निघाला स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू दचकून जागा होतो, हृदय धावतं, दाब चढतो. सकाळी आपल्याला पत्ताही नसतो.

"रोज रात्री मेंदू उपाशी राहिला, तर दिवसा त्याला काय आठवणार आणि काय वाटणार?" डॉक्टर म्हणाले.

"परत येईल का सगळं?" बायकोनं विचारलं.

"बरंचसं येईल. सगळं येईल असं सांगत नाही."

मग सीपॅप आलं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र. सुरुवातीला काढून फेकावंसं वाटे. घोरणं थांबलं तसं बायको श्वास चालू आहे ना, म्हणून माझ्या छातीवर हात ठेवून बघायची.

हळूहळू रक्तदाब उतरला, एक गोळी कमी झाली. मी पुन्हा कोर्टात उभा राहतो, पण आता कागद बघून बोलावं लागतं. तुमच्या घरात कुणी घोरत असेल तर थट्टेवारी नेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आजार कळायच्या आधी आई गेली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. लोक म्हणाले, खंबीर आहे. यंत्र येऊन काही महिने झाल्यावर एका सकाळी बायकोनं थालीपीठ पुढ्यात ठेवलं. "आईंसारखं जमलं नाही," म्हणाली. मी पहिला घास घेतला आणि हुंदका फुटला. आई वारल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.