टेकून बसण्याचं सर्टिफिकेट

"मॅडम, तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. राणेबाईंना यापुढे टायपिंग झेपणार नाही. बाकीचं आम्ही बघून घेऊ."

चहात साखर किती घालायची हे सांगावं, तितक्या सहजपणे कर्णिक साहेबांनी मला हे सांगितलं. ते मुलुंडच्या एका कंपनीचे ॲडमिन मॅनेजर. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे गोळ्या न देता व्यायाम, शेक आणि सवयी बदलून दुखणं कमी करणारी. ऐंशीच्या दशकात हे समजावून सांगावंच लागायचं, कारण निम्मे लोक आम्हाला मालिशवाल्या समजत. कंपनी आपला स्टाफ माझ्या क्लिनिकमध्ये पाठवायची. त्यामुळे माझं पेनही कंपनीचंच आहे, असा साहेबांचा समज झाला होता.

"बाकीचं" म्हणजे काय, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मेडिकली अनफिट ठरवायचं आणि घरी बसवायचं. सुनंदा राणेच्या नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. तो बिचारा मिळेल ते काम करायचा, पण घर चालायचं ते हिच्या पगारावर. माझ्या एका ओळीनं ती नोकरी जाणार होती.

सुनंदा पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गळ्यात कॉलर होती. त्या काळी मान दुखली की कॉलर, हे ठरलेलंच. कॉलरनं मानेला आराम मिळतो, पण दुखण्याचं कारण जागच्या जागी राहतं. मी तिला व्यायाम शिकवले. ती ते इमानेइतबारे करायची. रविवारी बरं वाटायचं आणि सोमवारी संध्याकाळी खांदे पुन्हा आखडलेले. दुखणं ऑफिसातच कुठेतरी होतं, म्हणून त्या दिवशी मी ऑफिस गाठलं होतं.

"सर्टिफिकेटचं नंतर. आधी त्यांना काम करताना बघते," मी म्हटलं.

"बघा की! सगळ्यांना तीच खुर्ची दिलीय. बाकीच्या पाचजणी कुठे तक्रार करतात?"

हॉलमध्ये सहा टायपिस्ट खटाखट टाइप करत होत्या. खुर्च्या साध्या लाकडी, पण उंची ठीक आणि पाठही चांगली सरळ. मी दारातूनच बघत राहिले. सहाही जणी खुर्चीच्या अगदी काठावर बसलेल्या. एकीनंही मागे टेकलेलं नव्हतं. असं तासन् तास बसलं की कंबर मागे वाकते, खांदे पुढे येतात आणि हनुवटी त्याहून पुढे जाते. डोकं चांगलं वजनदार असतं. ते पुढे लटकलं की मानेचे स्नायू दिवसभर त्याला ओढून धरतात. त्यातून कार्बन घालून चार-चार प्रती काढायच्या, म्हणजे एकेक अक्षर ठोकायचं. मान दुखणार नाही तर काय होणार?

मी सुनंदाजवळ गेले. "अगं, मागे सरक ना. नीट टेकून बस."

तिनं आधी समोरच्या काचेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "टेकून कसं बसणार मॅडम? सरांची केबिन समोरच आहे."

"मग काय झालं?"

"बरं नाही दिसत. टेकलं की विचारतात, झोपा काढायला आलात काय? मी लागले ना, तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या सीनियर बाईंनी सांगितलेलं, इथं टेकायचं नाही."

"लंच टायमात टेकतो ना आम्ही," शेजारची म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मला हसू आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुखऱ्या मानेच्या बाईला पाठ टेकायची चोरी, आणि वर तिलाच अनफिट ठरवायचं! मी तशीच केबिनमध्ये शिरले. साहेब फिरत्या खुर्चीत मागे रेलून, हात डोक्यामागे घेऊन बसले होते.

"साहेब, त्यांना टेकून बसू द्या. तेवढंच औषध हवंय."

"मॅडम, हे ऑफिस आहे, थिएटर नाही. उद्या कंपनीचे एमडी आले आणि सगळ्या अशा रेलून बसलेल्या दिसल्या तर? डिसिप्लिन म्हणून काही आहे की नाही?"

"तुम्ही आत्ता कसे बसलायत?"

ते चटकन सरळ झाले. "माझी गोष्ट वेगळी. मला विचार करावा लागतो."

"विचार उभ्यानंही करता येतो. टायपिंग नाही येत," मी म्हटलं. "आणि ऐका, तुम्हाला हवी ती ओळ मी लिहिणार नाही. मी लिहीन की बाई टायपिंगला फिट आहेत, पण ऑफिस त्यांना खुर्चीला टेकू देत नाही म्हणून मान दुखते. एक कॉपी एमडींना."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "एवढं कशाला ताणताय मॅडम? ठीक आहे, राणेबाईंपुरतं चालवून घेऊ. पण तसं सर्टिफिकेट द्या. नाहीतर बाकीच्या विचारतील."

मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं, की सौ. सुनंदा राणे यांनी काम करताना खुर्चीला टेकून बसणं आवश्यक आहे. एका धडधाकट बाईला पाठ टेकायची परवानगी मी सहीनिशी देत होते.

मग तिला बसायला शिकवलं. आधी कंबर पार मागे न्यायची. तिथल्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवायची. पाय जमिनीवर सपाट. टाइप करायचा कागद टेबलावर आडवा न ठेवता डोळ्यांसमोर उभा लावायचा. अधूनमधून उठायचं. सगळ्यात अवघड टेकणंच गेलं. केबिनचं दार वाजलं की ती आपोआप पुढे सरकायची. ती सवय जायला आठवडे लागले. पण महिन्याभरानं ती आली तेव्हा गळ्यात कॉलर नव्हती. मी दारातून हाक मारली, तर तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आधी ती अख्खी वळायची.

त्यानंतर एका संध्याकाळी बाकीच्या पाचजणी क्लिनिकमध्ये हजर.

"मॅडम, आम्हालाही टेकायचं सर्टिफिकेट द्या ना."

"दुखतंय का काही?"

दोघींचं दुखत होतं, तिघींचं अजून नव्हतं. मी पाचही सर्टिफिकेटं लिहायला घेतली. त्या तिघींपैकी एक जरा घाबरली. "पण आजार काय लिहिणार मॅडम?"

"आजार कशाला?" मी म्हटलं आणि कारणाच्या जागी सरळ लिहिलं, "यांना पाठ आहे."

कंपनीनं त्यानंतर माझ्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं. सुनंदाची नोकरी मात्र टिकली, आणि हॉलमधल्या सहाही जणी टेकून बसू लागल्या. नीट कसं बसायचं, हे पेशंटला शिकवायला मला दहा मिनिटं पुरतात. त्याच्या साहेबाला शिकवायला लेटरहेड लागतं.