मोठी अळंबी शेजाऱ्याला

ती केस अजून डोक्यातून गेलेली नाही. आता आठवली की हसू येतं, तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मी सचिन नावाच्या कारखान्यांच्या गावी, तिथल्या पोलीस ठाण्यात जमादार होतो. पावसाळ्यात सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. कापडाच्या लूमवरचा एक खानदेशी कामगार अळंबीची भाजी खाऊन उलट्या-जुलाबांनी बेशुद्ध. अळंबी दिलेली शेजाऱ्याने, तोही त्याच्याच गावाकडचा. चाळीतल्या एकाने हळूच सांगितलं, "साहेब, दोघांचं नळावरून वाजलेलं." शेजाऱ्याच्या घरीही अळंबीच झाली होती, आणि तिथे सगळे ठणठणीत. आजारी दगावला तर खुनाचा गुन्हा दाखल होणार होता.

शेजाऱ्याला आणून बसवला.

"अळंबी कुठून आणलीस?"

"रानातून."

"कुठल्या रानातून?"

"ते नाही सांगणार, साहेब. आत टाका."

दम दिला, चहा पाजला. ढिम्म. फौजदार साहेब म्हणाले, हाच.

दुपारी घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तो जागा लपवतोय. अळंबी दरवर्षी तिथेच उगवते. माझ्या बापाने आईलासुद्धा कधी सांगितली नाही. एकटे जा, आणि कोणाला सांगणार नाही म्हणा."

शब्द दिला तसा गडी उठलाच. रानात एक वारूळ होतं. त्यावर बारकी अळंबी, टोपीला मधोमध टोक, देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला. थोडं पुढे गवतात दुसरी, ताटलीएवढी, पांढरी. ती सहज हातात आली. देठाला कडं, टोपीवर तपकिरी खवले, खालून हिरवट झाक.

"ही कोणाला दिलीस?"

"त्यालाच. भांडण मिटवायचं होतं ना, म्हणून मोठी मोठी त्याला दिली. बारकी घरी ठेवली." मग त्याचा चेहरा पडला. "हीच विषारी का हो?"

दोन्ही तपासणीला पाठवली. गवतातलीच विषारी निघाली.

आजारी बरा झाला. जबाबात म्हणाला, तक्रार नाही. वर मलाच म्हणतो, "साहेब, जागा तेवढी सांगा."

"नाही."

"वारुळावरचीच आणीन."

"तरी नाही."

गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवतो असं नाही, हे मी ठाण्यात नाही, ताटावर बसून शिकलो. शिकवणारी आता राहिली नाही. तिनेही जागा पुष्कळदा विचारली. मी म्हणायचो, शब्द दिलाय. ती म्हणायची, "मग नका सांगू," आणि पुढच्या पावसाळ्यात परत विचारायची. आता कोणी विचारत नाही.