धाकटी जाऊ मेली नाही तेव्हा

धाकटी जाऊ मरणार, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दीर बोअरच्या गाडीवर कामाला होता, एड्सनं गेला. तोच रोग तिला लागला होता. गोठ्याशेजारच्या खोलीत तिला खाट टाकून दिली होती.

इच्छा राहिली तर पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "काय खावंसं वाटतंय गं?" ती मागेल ते मी करायची. पुरणपोळी, खेकड्याचा रस्सा. कुणी तिच्यावर आवाजसुद्धा चढवत नव्हतं.

मग तिच्या फौजी भावानं तिला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेऊन नव्या गोळ्या सुरू केल्या. रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. सुरुवातीला ती नुसती ओकत होती. दिवाळीपर्यंत मात्र उठली, वैरण कापायला लागली. ब्लाउज घट्ट झाले.

एका सकाळी सासूबाईंनी सवयीनं विचारलं. ती म्हणाली, "खायाचं लय झालं, आत्ती. माझ्या वाटणीचं रान नावावर करा."

माझ्या नवऱ्यानं कपबशी भिंतीवर फोडली. "मराय टेकलीवतीस की गं! आता रान मागतीस?" केस धरून त्यानं तिला उंबऱ्यावर आपटलं. कपाळ फुटलं. रक्ताला हात लावायची भीती, म्हणून लाथा घालू लागला.

"रगत अंगावर घिऊ नगंस रं!" सासूबाई लेकाला ओरडल्या.

"ह्या गोळ्यांनीच माज चढलाय हिला," म्हणत तो गोळ्यांचा डबा घेऊन चुलीकडे आला. मी भाकरी थापत होते. चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्याच्या मनगटावर हाणलं. डबा पडला. दुसरा तडाखा गुडघ्यावर दिला. तो खाली बसला.

"नवऱ्याला मारतीस व्हय गं?" सासूबाई माझ्यावर ओरडल्या.

"उठू नगा म्हणावं त्यास्नी. लाकूड आजून जळतंय."

हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी जावेचं कपाळ आवळून बांधलं, डबा घेतला आणि तिला आष्ट्याच्या स्टँडवर नेलं. तिथं गोळ्यांची वेळ झाली. ओठ सुजलेला, पाणी बाहेर सांडत होतं. तिला उमासा आला तसं मी तिचं तोंड दाबून धरलं.

"गीळ."

तिनं गिळल्या. माहेराकडं जाणाऱ्या सांगलीच्या गाडीत बसवून तिच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला : ती येतीय, तिला परत धाडू नका.

घरी गेल्यावर नवऱ्यानं माझी दोन बोटं मोडली. ती वाकडीच बसली. जाऊ जगली, आणि वाटणीसाठी कोर्टात उभी राहिली. तिच्या बाजूनं साक्ष मी दिली.