मामांच्या हौदातलं पाणी

जगातल्या कुठल्याही पाण्यावर विश्वास नसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे सख्खे मामा निघाले. आर्वीला त्यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. तीसेक वर्षं शेतकऱ्यांना फिल्टर विकून त्यांचा असा समज झालाय की देवाने पाणी घाईघाईत केलं आणि गाळायचं काम मामांवर सोडलं. लग्नाला गेले की ते नवरानवरीच्या आधी पाण्याची टाकी बघून येतात. वडनेरच्या एका लग्नात मामा शिडी लावून टाकीत डोकावत होते, तर मुलीच्या बापाने कोणी तपासणी अधिकारी समजून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. मामा तृप्त होईपर्यंत जेवले, पाणी मात्र घरून नेलेल्या बाटलीतलं प्याले.

अशा माणसाने घरामागे पोहण्याचा हौद बांधला, याचं आर्वीत अनेकांना नवल वाटलं. मामांना पोहता येत नाही. हौद होता मामींसाठी. मामींचे गुडघे गेले होते. दरवर्षी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाण्याचा त्यांचा नेम दोन वर्षं चुकला होता, आणि त्या पायथ्याशी गाडीत बसून वर बघत, ते मामांना बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, छातीभर पाण्यात रोज चाला. मामांनी त्याच आठवड्यात खड्डा खणायला घेतला.

फिल्टर निवडायला मात्र महिना गेला. नागपूरहून आलेल्या विक्रेत्याने घड्यांचा, कागदासारखा फिल्टर दाखवला. मामांनी तो बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा तं वहीसारखा आहे बाप्पा. यानं पाणी गाळते काय?" मग अंगणात परीक्षा झाली. बादलीत काळी माती कालवली आणि ते पाणी कागदाच्या, जाळीच्या आणि वाळूच्या फिल्टरमधून काढून तीन पेले ओट्यावर मांडले. परीक्षक मामी. त्यांनी तिन्ही पेले उजेडात धरले आणि म्हणाल्या, "मले तं तिन्ही सारखेच दिसते जी. कोन्त्याही पाण्यात वरण शिजन." मामांनी वाळूच्या फिल्टरला पहिला नंबर दिला. तो त्यांच्याच दुकानातला होता.

तो त्यांनी स्वतः बसवला. विहिरीवरून पाइप, पाइपावर फिल्टर, फिल्टरपुढे हौद, अगदी एखाद्या संत्र्याच्या बागेत बसवावा तसा. पहिल्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं की तळाची फरशी मोजता यावी. मामींना घालायला लेकीचा जुना सलवार-कुर्ता मागवला, भोवती हिरवी नेट बांधली, मुहूर्त काढला. मुहूर्त आठ दिवसांनी होता आणि तोवर पाणी हिरवंगार झालं. मामी काठावर आल्या, डोकावल्या. "यात मी नाई उतरत. म्हशीले पाठवा."

मामा दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा धड बोलले नाहीत. फिल्टर उघडला, वाळू धुतली, पुन्हा भरली. हौद उपसून पुन्हा भरला, आणि पाणी पुन्हा हिरवं. शेवटी एका दुपारी मामींनी भाजी निवडता निवडता विचारलं, "शेतातलं पानी गाळून झाडाले जाते. हे कुठं जाते जी?"

मामांच्या आयुष्यातलं सगळं पाणी फिल्टरमधून एकदाच गेलं आणि पुढे निघून गेलं होतं. हौदातलं कुठेच जात नव्हतं. तेच पाणी परत परत गाळायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पाइप उपटले. आता मोटर हौदाच्या तळातून पाणी ओढून फिल्टरमध्ये ढकलते आणि ते दुसऱ्या काठाने परत हौदात येतं, रोज सहा तास. सोबत पाण्यात मोजून औषध. दाबाचा काटा वर चढला की वाळू गाळाने भरली असं समजायचं आणि फिल्टरचा दांडा फिरवून, उलटं पाणी सोडून ती धुवायची. हे सगळं त्यांनी मला तीनदा समजावलं, जणू शोध त्यांचाच होता.

पाणी नितळ राहिलं, तर मामी म्हणाल्या, "आधी तुमी उतरा." मामा विहिरीतसुद्धा कधी उतरले नव्हते. बंडी आणि हाफपँट घालून, काठाची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ते उतरले. मागोमाग मामी. त्या हिवाळ्यात मी गिरडला सोबत होतो. मामी दोनदा बसल्या, पण वर पोचल्या. मामा वर पोचून आधी टाकी शोधायला गेले, ते डोळे पुसायला, हे आम्ही दोघांनी ओळखलं.

परवा आर्वीला गेलो. आता मामांचा गुडघा धरलाय. ते पाण्यात दांडी धरून हळूहळू चालत होते आणि मामी काठावर, फिल्टरजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून मामा म्हणाले, "ये बाप्पा. माहा नंबर लागला आता." मला हसू आलं. पण दोघं इतकी म्हातारी कधी झाली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मामींनी चष्मा वर करून काटा पाहिला. "चढून राह्यला जी," त्या म्हणाल्या. मामा वळून वर यायला लागले, तशा मामी खुर्चीचा हात धरून उठल्या. "राहू द्या. तुमी चाला, मी धुतो." आणि त्यांनी फिल्टरचा दांडा फिरवला.